बाटलीतलं शिळं पाणी

नवजात बाळांच्या विभागात ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी रोज फेकून द्यायची पद्धत मी सुरू केली, असं आमच्या शहरातले डॉक्टर अजूनही सांगतात. माझ्या सत्कारात ते बोललं गेलं, पुढे छापूनही आलं, आणि मी शाल सावरत मान खाली घालून हसलो. खरी गोष्ट अशी की मी पाणी न फेकण्याची पद्धत सुरू केली होती. फेकायची पद्धत आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमची. या दोन पद्धतींच्या मधल्या उन्हाळ्यात एक लेकरू गेलं आणि त्याचं खापर मी त्याच्या आजीच्या डोक्यावर फोडलं.

मॅडम आता नाहीत. मी ऐंशीला टेकलो आहे. जे झालं ते आता सरळ लिहून ठेवतो.

अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माझा जन्म झाला, असं आई सांगायची. आमचं खेडं कन्नडजवळचं. घरात पाण्याला दोन-तीन जन्म असत. आंघोळीचं पाणी दोडक्याच्या वेलाला जायचं, भांडी विसळलेलं म्हशीला. हातून तांब्या कलंडला तर आई ओरडायची नाही, ती नुसती ओल्या जमिनीकडे बघत राहायची. ओरडली असती तर बरं, असं वाटायचं. मी डॉक्टर झालो, शहरात आलो, बंगला बांधला, तरी नळ चालू ठेवून दाढी करणारा माणूस दिसला की माझा हात अजून नळाकडे जातो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बालरोग विभागाचा प्रमुख होतो. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ते बंद पडलं, इमारत पाडली गेली, तिथे आता दुकानं आहेत. तिथे आम्ही नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग उघडला होता. अपुऱ्या दिवसांची, वजनाला कमी असलेली लेकरं काचेच्या पेट्यांत ठेवायची. नातेवाईक त्याला ‘काचंची खोली’ म्हणायचे. कन्नड, खुलताबाद, पैठणकडून जीपमध्ये घालून बाळं यायची. गोधडीत, टोपलीत, एकदा तर लग्नाच्या फेट्यात गुंडाळून आलं होतं. जगलेलं प्रत्येक बाळ आम्हाला आमच्या हाताची करामत वाटायचं. मला जरा जास्तच वाटायचं.

शहरात पाणी एक दिवसाआड यायचं. उन्हाळ्यात तेही लांबायचं, मग टँकर. श्वास धड न घेणाऱ्या बाळांना ऑक्सिजन देतात, तो पाण्याच्या एका बाटलीतून बुडबुडे काढत जातो, म्हणजे लेकराचं नाक आणि छाती कोरडी पडत नाही. त्या बाटलीसाठी आम्ही पाणी उकळून, गार करून स्टीलच्या पिंपात ठेवायचो. त्या बाटलीतलं पाणी रोज ओतून द्यावं, बाटली धुऊन वाळवावी आणि नवं भरावं, असं पुस्तकात होतं. मी ते वाचलंही होतं. पण पिंपाच्या तळाला तांब्या खडखडायला लागला तेव्हा मी सिस्टरना सांगितलं, "चांगलं उकळलेलं पाणी मोरीत कशाला ओतता? कमी झालं की वरून भर घाला." आणि विश्वस्तांच्या बैठकीत मी ही गोष्ट काटकसर म्हणून अभिमानाने सांगितली. विश्वस्तही आमच्याच भागातले. त्यांनी माना डोलावल्या. पाणी वाचवणाऱ्याला आमच्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही.

मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या. त्यांची प्रयोगशाळा तळघरात, स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळे तिथे फोडणीचा आणि जंतूंचा वास एकत्र यायचा. अंगाने लहानखुऱ्या. जुन्या शहरातल्या मुसलमान घरातल्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलायच्या आणि चिडल्या की दखनीत शिरायच्या. लूनावरून यायच्या, ओढणी कमरेला गाठ मारून. नमुने ठेवायला त्यांच्याकडे चार पुडांचा जेवणाचा डबा होता. एकदा एका विश्वस्तांनी कौतुकाने विचारलं, "आज डब्यात काय आणलंय मॅडम?" त्या म्हणाल्या, "बाळांची शी. घेता का?"

त्या विभागात यायच्या तेव्हा दाराशी बांगड्या काढून खिळ्याला अडकवायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या आणि हात धुवायच्या. इतका वेळ धुवायच्या की मला अस्वस्थ व्हायचं. मी नळ बारीक करायला पुढे व्हायचो. त्या न बघताच म्हणायच्या, "नक्को साहेब. राहू द्या."

त्या उन्हाळ्यात आमची लेकरं कोमेजायला लागली. आठवड्याचं झालेलं, वजन धरायला लागलेलं बाळ सकाळी दूध ओढायचं आणि दुपारी मान टाकायचं. अंग गार पडायचं, पोट फुगायचं, रंग राखेसारखा व्हायचा. रक्तात जंतू गेले होते. काहींना आम्ही ओढून आणलं, काहींना नाही आणू शकलो. मी औषधं बदलत होतो, ओरडत होतो, दाराला नवीन कुलूप लावत होतो. बाळांच्या आयांना आत येणं आधीच बंद होतं. त्या बाहेर ओट्यावर बसून वाटीत दूध काढून द्यायच्या.

मॅडमनी मात्र कुणाला रागावण्याआधी सगळ्या बाळांच्या नाकाचे, बेंबीचे, शीचे नमुने घेतले. आजारी बाळांचे घेतले तसे ठणठणीत बाळांचेही घेतले. मी विचारलं, "चांगल्या लेकरांना कशाला त्रास?"

"साहेब, सिडकोत प्लॉट घेतलाय ना तुम्ही?"

"घेतलाय. त्याचं काय?"

"मोकळा ठेवला तर काय होतं?"

"कुणीतरी खांब रोवून बसतं."

"हौ. बाळ म्हणजे तसा मोकळा प्लॉट. पोटातून येतं तेव्हा अंगावर कुणाची वस्ती नसते. घरी असतं तर आईच्या कातडीवरचे, आईच्या दुधातले जंतू पहिल्यांदा राहायला आले असते. ते भले शेजारी. ते बसले की दुसऱ्याला जागा देत नाहीत. इथे आईला आपण बाहेर बसवलंय. मग पहिला खांब कोण रोवणार? तुमचा हात, माझा हात, आपली नळी, आपलं भांडं. वस्ती झाली म्हणजे दुखणं आलंच असं नाही. पण या लेकरांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आत शिरायला वेळ लागत नाही. म्हणून अजून आजारी न पडलेल्यांच्या अंगावर कोण येऊन बसलंय ते मला बघायचंय."

इतक्या वर्षांच्या शिक्षणात हे मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी फक्त "हं" म्हणालो.

त्यांना जो सापडला तो स्युडोमोनास नावाचा जंतू. वाढवायच्या काचेच्या बशीत तो हिरवट उतरतो आणि त्याला पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. तो जवळजवळ सगळ्या बाळांच्या अंगावर होता. आजारी बाळांच्या रक्तातही तोच.

मग त्यांनी हातांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. एकेकाने येऊन पाच बोटं बशीवर हलकेच दाबायची. पहिली बोटं त्यांनी स्वतःची दाबली. दोन दिवसांनी त्या बश्या आमच्या चहाच्या खोलीत मांडल्या गेल्या. पाच-पाच बोटांच्या ठशांतून उगवलेले पांढरे, पिवळे ठिपके. वर नावं नव्हती. कुणाची बशी कुठली हे फक्त त्यांना ठाऊक.

वॉर्डातले मामा वाकून बघत म्हणाले, "मॅडम, माझ्या शेतात काय उगवलंय? गहू का हरभरा?"

"सगळ्यांच्याच शेतात गाजरगवत उगवलंय मामा. माझ्यासकट."

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "नावं टाका की मॅडम. ज्याचा त्याला कळू द्या."

"मी जंतू पकडते सिस्टर. माणूस पकडायचं काम माझं नाही."

त्या दिवसापासून हात धुवायला रांग लागायला लागली. मी पंधरा वर्षं ओरडून जे झालं नव्हतं ते त्या बश्यांनी झालं. पण एकाही हातावर तो हिरवा जंतू नव्हता. त्यामुळे मॅडमची झोप उडाली होती, आणि माझं मात्र दोष द्यायला दुसऱ्या कुणाला तरी शोधणं चालू होतं.

तेवढ्यात ती आजी सापडली.

तिचं गाव माझ्या गावाच्या शिवेला शीव लागून. सुनेला आठव्याच महिन्यात मुलगा झाला होता, बाळ काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर होतं. आजी म्हणजे काय, माझ्याच वयाची बाई, पंचेचाळिशीची. लवकर लग्न, लवकर लेकरं. माझ्या गावाचं नाव कळल्यापासून ती मला सोडायची नाही. "आमच्या शिवचं डॉक्टर हायत," असं ओट्यावरच्या सगळ्या बायांना सांगायची. माझ्यासाठी तिने एकदा पळसाच्या पानात बांधून करडईची भाजी आणली होती. त्या बाळाच्या जगण्याची तिला जी खात्री होती, ती माझ्या भरवशावर होती.

एका दुपारी चादरी बदलायला दार उघडं राहिलं आणि ती आत शिरली. कमरेच्या पिशवीतून मधाची डबी काढली. डोरल्यातला सोन्याचा मणी तिने घरूनच मधात उगाळून आणला होता. करंगळीचं टोक बुडवलं आणि बाळाच्या ओठाला लावलं. आमच्या भागात आजीच्या हातचं ते पहिलं बोट. त्याशिवाय लेकरू घरचं झालं असं मानत नाहीत. सिस्टरनी पाहिलं, तिला बाहेर काढलं, मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाळाने मान टाकली. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

मी बाहेर आलो तेव्हा ओट्यावर बाया, बाप्ये, जीपवाले, सगळे होते. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. म्हणालो, "आजीबाई, चांगलं होत होतं लेकरू. तुमच्या मधाच्या बोटानं गेलं ते."

तिने रडायला सुरुवात केली नाही. तिने उजवा हात वर केला आणि करंगळीकडे बघितलं. "मी?" ती म्हणाली. "डॉक्टर, मी व्हय?"

"मग कोण?" मी म्हणालो आणि आत गेलो.

मॅडम तेव्हा जिन्यात होत्या. त्यांनी ऐकलं. त्या ओट्यावर गेल्या, त्या बाईच्या शेजारी टेकल्या आणि तिच्याकडून ती डबी मागून घेतली. मला वाटलं, पुरावा गोळा करताहेत. मनातून बरं वाटलं.

तीन-चार दिवसांनी त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि टेबलावर दोन बश्या ठेवल्या. एक कोरी. दुसरी हिरवी. झाकण उघडायच्या आधीच मला द्राक्षांचा वास आला.

"ही मधाची," कोरीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "यात त्याचा मागमूस नाही. बाळाला मध द्यायचा नसतो, ते खरंच आहे, त्याची कारणं वेगळी. पण हे मधानं नाही झालं."

"आणि ही?"

"ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी. त्याच बाळाच्या. मग मी सगळ्या बाटल्या बघितल्या. सगळीकडे हाच. साहेब, पाणी शिळं झालंय. भर घालत गेलो, खालचं कधी बदललंच नाही. याला साचलेलं पाणी लागतं, बाकी काही लागत नाही. बुडबुड्याबुडबुड्यातून आपण तो लेकरांच्या नाकात सोडतोय."

मी म्हणालो, "पण उकळलेलं पाणी आहे."

"उकळलं त्या दिवशी स्वच्छ होतं."

"टँकरचं पाणी असेल घाण."

"असेल."

"एवढं पाणी रोज फेकायचं म्हणजे..." मी वाक्य पुरं केलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या म्हणाल्या, "माझी अम्मी पण नाही फेकायची. घागरीत नवं पाणी जुन्यावर ओतायची. आपल्याकडे कोण फेकतं? तुम्ही कन्नडचे, मी इथली. मुंबईच्या माणसानं ही चूक केली नसती."

ही गोष्ट त्यांनी ‘आपली’ म्हणून सांगितली. आदेश माझा होता हे त्यांना माहीत होतं. वॉर्डातल्या मावशींनी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं होतं, "साहेबांचा हुकूम हाय, पाणी फेकायचं नाय." ते त्यांनी माझ्यासमोर उच्चारलं नाही.

जाताना दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "त्या आजीबाईला सांगायला हवं. तुमच्या गावाकडच्या आहेत. तुम्ही सांगाल?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतरचे काही महिने मी जवळून पाहिले आणि आयुष्यात तसं काम पुन्हा पाहिलं नाही. बाटल्या रोज ओतून, धुऊन, उलट्या टांगून वाळायला लागल्या. पहिल्या दिवशी मावशी मोरीजवळ बाटली तिरपी करून उभ्या राहिल्या, पण हात पुढे होईना. मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवून पाणी ओतलं. मग विहिरीच्या टँकरवाल्याला भेटून आल्या, विश्वस्तांना भेटून आल्या, विभागासाठी वेगळी टाकी मिळवली. हे मागताना त्यांनी कुठल्याही लेकराच्या मरणाचा धाक घातला नाही, विश्वस्तांपुढे त्या बश्या तेवढ्या ठेवल्या.

आणि त्यांनी आयांना आत आणलं. त्याला माझा सगळ्यात मोठा विरोध होता. मी म्हणालो, खेड्यातल्या बाया, धुळीतून येतात, आत घाण आणतील. त्या म्हणाल्या, "प्लॉट ज्याचा त्याला बसू द्या ना साहेब." अडचण वेगळीच निघाली. बाळंतिणीच्या हातात हिरवा चुडा. हात कोपरापर्यंत धुवायचे तर बांगड्या उतरवायला हव्यात, आणि नवरा जिवंत असताना बांगड्या कोण उतरवेल? दोन जणी रडायला लागल्या, एकीची सासू भांडायला उठली. सिस्टर म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम." मॅडमनी विचार केला आणि बँडेजची पट्टी मागवली. चुडा कोपराच्या वर सरकवायचा आणि पट्टीने दंडाला बांधायचा. खाली हात मोकळा. भांडणारी सासू बघत राहिली आणि म्हणाली, "हे आधी सांगाय काय झालं तं? बाजूबंदच केला की बाईनं."

पहिलं चिकाचं दूध गावाकडे पिळून टाकतात. मॅडम ओट्यावर बसून बायांना सांगायच्या की ते टाकू नका, तो पहिला खांब आहे. ज्या बाळांना चोखता येत नव्हतं त्यांच्या गालात आईचं बोट तो चीक लावायचं. धुतलेलं, वाळलेलं बोट. आजीच्या मधाच्या बोटाची जागा त्यांनी त्या बोटाला दिली. कोमेजणं थांबलं असं म्हणणार नाही, ते पूर्ण कधीच थांबत नाही. पण उन्हाळा पुन्हा आला तेव्हा आम्ही घाबरलो नव्हतो.

त्या आजीकडे मी गेलो नाही. आधी म्हटलं, जखम ताजी आहे. मग म्हटलं, आता विसरली असेल. याहून वाईट गोष्ट मी केली. आमच्या विभागाचं नाव झालं, मला भाषणांना बोलवायला लागले आणि मी ती मधाची गोष्ट सांगायला लागलो. एक अडाणी आजी, एक मधाची डबी, एक गेलेलं बाळ. रंगवून सांगायचो. तिचा आवाज काढायचो, "मी व्हय?" विद्यार्थी हसायचे, मग गंभीर व्हायचे, मग टाळ्या. पुढे बाटलीतलं पाणी रोज फेकायचा नियम सांगायचो, पण तो नियम कुठून आला हे सांगायचो नाही.

सत्काराच्या दिवशी मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रमानंतर भेटायला आल्या, हातात माझ्यासाठी गुलाबाचं फूल. म्हणाल्या, "भाषण चांगलं झालं साहेब. शिळं पाणी विसरलात तेवढं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि त्यांचं माझ्याशी वागणंही कधी बदललं नाही. मला वाटतं, बदललं असतं तर मी त्या आजीकडे लवकर गेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी घरी भेटायला गेलो. तिथे एक तरुण डॉक्टर त्यांच्या मुलाला माझी ओळख करून देत म्हणाला, "तुमच्या आई सरांच्या हाताखाली काम करायच्या." मुलाने माझ्याकडे बघितलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "हो, अम्मी सरांबद्दल नेहमी चांगलंच बोलायची." मी पेला घेतला. त्या कधी माझ्या हाताखाली नव्हत्या. मी तेही बोललो नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा की." तरी मला आणखी बरेच महिने लागले.

या हिवाळ्यात मी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, शिवेला शीव. दारात सिमेंटची टाकी, अंगणात वाळत घातलेली लंगोटं. दार उघडलं ती त्या वेळची सून, आता पन्नाशी उलटलेली. तिने मला ओळखलं नाही. मी सांगितलं कोण ते. तिने बाज झाडून दिली.

मी म्हणालो, "तुमच्या बाळाबद्दल सांगायला आलोय. ते मधानं गेलं नव्हतं."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्या बाई आल्या व्हत्या की. तवाच. बाजाराच्या दिवशी, जीपीत लटकून. मधाची डबी परत द्यायला आल्या व्हत्या. हितं बसल्या, जिथं तुमी बसलाव. म्हणल्या, मधात कायबी नव्हतं, आमच्या बाटलीतलं पाणी खराब झाल्तं, आमच्या हातून झालं. माझ्या पाया पडाय वाकल्या, म्या धरल्या."

मी विचारलं, "माझं नाव घेतलं त्यांनी?"

"नाय. आमच्या हातून, इतकंच म्हणल्या."

मला वाटलं, मग माझं येणं फुकट. तीस वर्षांचं ओझं मॅडमनी त्याच आठवड्यात उतरवून ठेवलं होतं आणि मी ते उगाच वाहत होतो. क्षणभर हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सून आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "पर सासूबाईनं न्हाई मानलं. म्हणल्या, बाई मनानं मऊ हाय, माझं मन राखाया खोटं बोलाय आली. मोठं डॉक्टर आपल्या शिवचं, त्ये कशाला खोटं बोलंल? तवापास्नं घरातलं एकबी तान्हं त्यांनी हातात घेतलं न्हाई. माझी पुढची दोन झाली, न्हाई घेतली. लेकरू भाकरीला लागलं की मग जवळ घेत्यात. आता नातसुनेला पोरगी झालीय, सव्वा महिन्याची. लांबूनच बघत्यात."

आजी आतून काठी टेकत आली. माझ्याच वयाची ती, पण माझ्याहून ताठ. मला बघून डोळे बारीक केले. "कोन हाय गं?"

मी उठून उभा राहिलो. एवढ्या सभांत बोललेला माणूस, मला सुरुवात सापडेना. म्हणालो, "दवाखान्यातला डॉक्टर. तुमच्या शिवचा. तेव्हा ओट्यावर जे बोललो ते चूक होतं. मधानं नाही गेलं बाळ. आमच्या बाटलीत शिळं पाणी होतं. ते फेकू नका असं मीच सांगितलं होतं. त्या बाई खरं सांगत होत्या. मला तेव्हाच कळलं होतं."

आजीने काठी भिंतीला टेकवली. खाली बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि करंगळीचं टोक अंगठ्याने चोळत राहिली.

"तवाच कळलं व्हतं?"

"हो."

"मंग इतकी वर्सं काय रस्ता घावला न्हाई व्हय? कन्नडची यष्टी तर रोज हाय."

सून म्हणाली, "आत्या, असू द्या." आजी म्हणाली, "गप गं तू. चहा ठेव." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बाईला म्या लबाड म्हणले. हाय का ती अजून?"

मी मान हलवली. तिला कळलं.

आत तान्ही पोर कुरकुरली. नातसून तिला घेऊन दारात आली आणि आजीकडे बघून सवयीने तिथेच थांबली. आजी पोरीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. आवाज एकदम बारीक झाला.

"आता घेऊ का?"

मी म्हणालो, "हात धुवून घ्या."

ती मोरीशी गेली. वाकता येत नव्हतं, म्हणून मीच तांब्या घेतला. तिने पाटल्या वर सारल्या, साबण लावला. मी पाणी ओतत राहिलो. बोटांच्या बेचक्यांतून, नखांवरून, करंगळीवरून. दुसरा तांब्या भरला, तिसरा भरला. पाणी मोरीतून अंगणात, तिथून वाटेवर गेलं.

"पुरं की डॉक्टर. लई पाणी सांडलं."

"सांडू द्या," मी म्हणालो.

ती सवयीने पदराला हात पुसायला गेली. मी म्हणालो, पुसू नका, असेच वाळू द्या. मग मीही माझे हात धुतले. आम्ही दोघं अंगणात उन्हाला हात समोर धरून उभे राहिलो, वाळेपर्यंत. नातसून पोरीला घेऊन दारात वाट बघत होती.